एका दाराची गाडी

६ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच कपाटावर फेकलंस की उघडलंस, कुणास ठाऊक. उघडलं असशील तर नमस्कार. मी फूटपट्टी. तुझ्या थोरल्या काकांचा मुलगा. लहानपणी घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप घेत फिरायचो म्हणून हे नाव तूच ठेवलं होतंस, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

काका, म्हणजे तुझे बाबा, गेले तेव्हा मी आलो होतो. मागे उभा राहिलो आणि तुझ्याशी एक शब्दही न बोलता निघालो. अकरा वर्षं झाली त्याला. चुकलं माझं.

आता कामाचं. मागच्या वर्षी मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालो. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता घरामागच्या शेडमध्ये एक गाडी बांधतोय. कुठली ते ओळखलं असशीलच. आपल्या दोघांच्या वडिलांनी, लाकूड माझ्या बाबांचं आणि पत्रा काकांचा, त्यांच्या वर्कशॉपात गावच्या डॉक्टरांसाठी बांधलेली ती दोन माणसांची, बिनछपराची रोडस्टर. लांब बॉनेट, मागे उतरती शेपटी, चालवणाऱ्याच्या बाजूला टांगलेली स्टेपनी, आणि म्हणून दार एकच, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. मूळ गाडी बेचाळीस वर्षांपूर्वीच भंगारात गेली, पण बाबांचे लाकडी फर्मे, म्हणजे एकेका भागाचे साचे, माळ्यावर सापडले. सगळेच्या सगळे, नंबर घातलेले. जुनी चासी आणि चालू इंजिन मिळवलं. फर्म्यांवरून लाकडी सांगाडा उभा केला. डॉक्टर आता नाहीत, पण डॉक्टरीणबाई दोन गल्ल्यांपलीकडेच राहतात. त्यांनी गाडीचा एक फोटो दिला, तो समोर लावलाय.

आता अडलंय ते पत्र्यावर. पत्रा हाताने ठोकून असा गोल वळवणारं माणूस मला पंचक्रोशीत मिळालं नाही. ज्यांना विचारलं ते म्हणाले, फायबरचं करा. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

तू करशील का? निव्वळ हौस म्हणून बांधतोय, घाई नाही. फोन नंबर खाली लिहिलाय. बाबा अठ्ठ्याऐंशीचे झाले. दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि काही बोलत नाहीत.

तुझा,
फूटपट्टी

---

१९ जानेवारी

फूटपट्टी,

पत्र उघडलं. आधी दोन दिवस कपाटावरच होतं, तुझा अंदाज बरोबर आहे.

फोन करणार नाही. चाळीस वर्षं पत्रा ठोकून माझे कान कामातून गेलेत. फोनवर नुसती गुणगुण ऐकू येते आणि मी सगळ्याला हो म्हणत सुटते. मागे असंच हो हो करून एका माणसाचा अख्खा टेम्पो रंगवून देण्याचं कबूल करून बसले होते. तेव्हा पत्रच लिही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, गणिताच्या वहीसारखं.

निव्वळ हौस म्हणतोस? मला शेंडी लावू नकोस. हौस असती तर तू दुसरी कुठलीही गाडी बांधली असतीस. तुला बघायचंय की थोरल्या काकांचं लाकूड बरोबर होतं. म्हणजे पर्यायाने माझ्या बापाचा पत्रा चुकला होता.

तुला आठवत असेल, तरी लिहिते. गाडी दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर दार आपोआप उघडलं आणि डॉक्टरीणबाई रस्त्यावर पडल्या. खांद्याचं हाड मोडलं. गाडी परत आली, दोन महिन्यांत वर्कशॉपला टाळं. सगळे म्हणाले, कुलूप पत्रेवाल्याने बसवलं होतं. आम्ही गाव सोडलं. इथे एका गाळ्यात बाबा पोचे काढत बसले, पुढे मीही त्यांच्या हाताखाली. ज्याने बसचं अख्खं अंग वळवलं तो माणूस तीस वर्षं स्कूटरची मडगार्डं सरळ करत होता. आणि तरी कुणीतरी ओळखीचं यायचं आणि म्हणायचं, अहो, बाईला पाडलं ते तुम्हीच ना? बाबा मान हलवायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. मला त्यांचा इतका राग यायचा की हातोडी फेकावीशी वाटे.

बाबा जाईपर्यंत तुमच्या घरून एक माणूस फिरकलं नाही. माझ्या लग्नालासुद्धा नाही.

पत्रा मी करीन. एका अटीवर. गाडी उभी राहिली की दार मिटतं की नाही ते कळेल, आणि चूक कुणाची तेही कळेल. जे कळेल ते तू थोरल्या काकांना तोंडावर सांगायचंस, ते असेतोवर. माझ्या बापाची चूक निघाली तर मी मान खाली घालीन. पण कळलं पाहिजे.

ताई

---

२ फेब्रुवारी

ताई,

अट मान्य. आणि हौसेचं तू म्हणालीस ते खरं आहे. मला वाटत होतं, आजही वाटतं, की बाबांचं लाकूड चुकलं नसेल. तसं नसतं तर ते इतके ताठ कसे राहिले असते?

आजच्या पार्सलात सगळ्या भागांचे कागदी नमुने आहेत. त्याशिवाय खोक्यात एक लाकडी खांब आहे, कुलूप ज्यात अडकतं तो. सांगाड्याला बोल्टने बसतो, म्हणून सोडवून पाठवलाय. त्याच्यावर पत्रा तूच चढव. दाराची चौकट इथेच ठेवलीय, तिच्यावर तू पाठवशील ती पत्र्याची कातडी मी कडांना घडी मारून बसवीन.

वर्कशॉपमधला तो नियम आठवतो का? एकमेकांच्या कामाला टेप लावायचा नाही. लाकूड पुरं झालं की बाबा हात पुसत बाजूला व्हायचे आणि काका मोजमाप न करता पत्रा चढवायला घ्यायचे. एकदा मी, वय वर्षं आठ, काकांनी केलेल्या मडगार्डाला कौतुकाने टेप लावला तर बाबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बस. म्हणाले, भावाच्या हाताला माप लावतोस?

तेव्हा खांब मोजू नकोस. मीही तुझा पत्रा मोजणार नाही. माझ्यासारख्याला हे किती जड जाणार आहे, तूच बघ.

फूटपट्टी

---

२७ फेब्रुवारी

फूटपट्टी,

पार्सल मिळालं. खोक्यात तू इतका भुसा भरलास की शेजारच्या मांजरीने त्यात संसार थाटलाय.

काम सुरू आहे. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा, आणि सकाळी गाळा उघडायच्या आधीचे दोन तास. शेपटीचा पत्रा तीनदा केला. दोनदा जीव ओतून बिघडवला, तिसऱ्यांदा लक्ष न देता केला आणि जमला. बाबा म्हणायचे, पत्र्याकडे टक लावून बघितलं की तो लाजतो. हल्ली सकाळी हात जरा थरथरतो. पहिली दहा मिनिटं मी नुसते रिकामे ठोके मारते, मग तो ताळ्यावर येतो.

मडगार्ड वळवताना बाबांचीच हातोडी घेतली. दांडा त्यांच्या अंगठ्याने झिजलाय, माझा अंगठा तिथे बसत नाही. अर्धा दिवस ती नुसती हातात धरून बसले होते. शेजारचा टायरवाला विचारत होता, बाई, बरं नाही का?

खांबही झाला. छान बसलाय पत्रा. सगळं पुढच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टने पाठवते. दणके बसले तर मला कळवू नकोस, स्वतः काढ.

थोरले काका काही म्हणतात का?

ताई

---

५ एप्रिल

ताई,

काय सांगू! सगळे भाग चढवले. बॉनेट तर असं बसलंय की मधल्या रेषेवरून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. शेपटीपाशी मी रोज सकाळी उगाच उभा राहतो. मागची मडगार्डं फोटोशी ताडून बघितली, तीच उतरण. बायको म्हणते, आपल्या लग्नात तू माझ्याकडे इतक्या वेळा बघितलं नव्हतंस.

रंग गर्द हिरवा ठरलाय. फोटो काळापांढरा, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हिरवा, पण उन्हात काळा दिसायचा. तीन छटा करून बघितल्या, तिसरी उन्हात काळी दिसते. सीटचं चामडं शिवायला दिलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. तू विचारलं होतंस म्हणून सांगतो, त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "पोरीचा हात धाकट्यासारखा आहे." एवढंच. पण बेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी काकांचं कौतुक पहिल्यांदा ऐकलं.

पुढची काच, स्टिअरिंगचं लाकडी चाक, डॅशबोर्ड, सगळं मार्गी लागलंय. तुझे उपकार कसे फेडू?

फूटपट्टी

---

१४ एप्रिल

फूटपट्टी,

पत्र चारदा वाचलं. बॉनेट आहे, शेपटी आहे, चामडं आहे, तुझी बायकोसुद्धा आहे.

दार कुठाय?

ताई

---

२२ एप्रिल

ताई,

तुझ्यापासून लपवायला नको होतं.

दार मिटत नाही. म्हणजे मिटतं, पण दार आणि खांब यांच्यात अर्ध्या इंचाची फट राहते. कुलपाची जीभ खांबातल्या खाचेत जेमतेम टोकाने टेकते. गाडी जागेवर उभी असताना टेकलेली राहते. शेडमधून बाहेर काढून पहिलं वळण घेतलं आणि दार सताड उघडलं. शेजारी कुणी नव्हतं, तरी मी गाडी तिथेच थांबवली. तेच झालं, ताई. अगदी तेच.

लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुझा हात चुकला. तूच लिहिलं होतंस, थरथरतो म्हणून. म्हटलं, इतकं सुंदर काम केलंय, एका खांबापायी तिला कशाला दुखवायचं. गुपचूप मी दुसरा खांब करणार होतो.

पण तुझा तो दोन शब्दांचा प्रश्न आल्यापासून झोप नाही, कारण फट सगळी तुझी नाही. निम्मी माझी आहे. तुझं पार्सल यायच्या आदल्या आठवड्यात मी दाराची चौकट घासून गुळगुळीत करत होतो. बाबा खुर्चीतून म्हणाले, "कुलपाकडची कड दोन सूत उतरव." मी म्हटलं, फर्म्यात तर तसं नाही. तर म्हणाले, "पत्र्याच्या घडीला जागा लागते. धाकट्याची घडी कायम जाड पडते, पोरीचीही पडेल. मग दार घासतं, अडतं, आणि चारचौघांत त्याची शोभा होते. तू आधीच दोन सूत काढून ठेव. तिला सांगू नकोस." मी रंधा मारला. दोन सूत म्हणजे पाव इंच. तुला सांगितलं नाही.

उरलेला पाव इंच कुठून आला, ते मला कळत नाही. मी खांब मोजलेला नाही. नियम पाळलाय.

फूटपट्टी

---

३० एप्रिल

फूटपट्टी,

उरलेला पाव इंच माझा.

पत्रा चढवायच्या आधी मी तुझ्या खांबावर कानस मारली. दोन सूत. मोजून. बाबांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. म्हणायचे, "थोरल्याचं लाकूड नेहमी भरलेलं असतं, कमी पडेल या भीतीने तो जास्तच ठेवतो. तसाच पत्रा चढवला तर दार अडतं आणि गिऱ्हाईक त्याला बोलतं. म्हणून आधी दोन सूत घासून घ्यायचं. त्याला सांगायचं नाही, मनाला लावून घेतो." मला वाटलं, तूही त्यांचाच मुलगा, तुझंही लाकूड भरलेलंच असणार. म्हणून घासलं आणि तुला लिहिलं, छान बसलाय पत्रा.

तुझं पत्र वाचलं आणि गाळ्याचं शटर अर्धं ओढून बसले. मग उठून एक काम केलं. त्या गाडीचा मूळ खांब माझ्याकडे आहे. गाडी भंगारात जायच्या आधी बाबांनी तो सोडवून घेतला आणि गाळ्यात मागच्या भिंतीवर टांगला. मी इतकी वर्षं समजत होते की थोरल्याची चूक जपून ठेवलीय. तो खाली काढला. खिळे उपटून पत्रा सोलला. आत लाकडावर काकांनी पेन्सिलने मारलेली आखणीची रेघ असायला हवी होती. नाही. कानशीचे ओरखडे आहेत, वरपासून खालपर्यंत. फक्त तळाशी, जिथे कानस पोचत नाही तिथे, रेघ तशीच आहे. तिथून मोजलं. हो, टेप लावला. दोन सूत.

म्हणजे काकांनी दार उतरवलं, बाबांनी खांब उतरवला. ट्रकला, बसला सैल दार चालून जायचं, जाड रबर मारलं की झालं. ही पहिलीच नाजूक गाडी होती. त्यातही डॉक्टरांची. दोघांनाही वाटलं, निदान या वेळी भावाची शोभा होऊ नये.

फूटपट्टी, बाबा मान का हलवायचे ते मला आज कळलं. त्यांना खरंच वाटत होतं की बाईंना त्यांनी पाडलं. आपण जास्त घासलं, असं धरून चालले ते. मी त्यांना भित्रा म्हटलंय रे. तोंडावर म्हटलंय. आता कुणाची माफी मागू?

दाराला हात लावू नकोस. हे पत्र काकांना वाचून दाखव. सगळं. भित्रा म्हटलं तेसुद्धा.

ताई

---

९ मे

चि. ठकू,

तुला आशीर्वाद देण्याचा हक्क मला राहिला आहे की नाही ते तू ठरव. थोडक्यात लिहितो.

मुलाने पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघा बाबा, दोन सूत तुमचे, दोन काकांचे, दोष निम्मा निम्मा. त्याला वाटलं माझ्या छातीवरचा दगड उतरेल. तो मोजणीवाला आहे, त्याला निम्मं केलं की हिशोब मिटला असं वाटतं.

गाडी द्यायच्या दिवशी दार सैल लागलं होतं. मला जाणवलं. मला वाटलं, मीच जास्त उतरवलं. धाकट्यालाही जाणवलं असणार, कारण त्याने न विचारता जाड रबर लावलं. तेव्हा एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी टेप लागला असता आणि अर्ध्या तासात सगळं निस्तरलं असतं. मी उघडलं नाही.

बाईंना घरी सोडून डॉक्टर वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी विचारलं, दाराचं काम कुणाचं? धाकटा माझ्या शेजारी उभा होता. मी म्हणालो, "कुलूप पत्रेवाल्याने बसवलंय." त्यात खोटं काही नव्हतं. कुलूप त्यानेच बसवलं होतं. पण मी दार तासलं आहे हे मला माहीत होतं, आणि मी बोट त्याच्याकडे केलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, अंगावरचा मळका ॲप्रन काढला, खुंटीला लावला आणि गेला.

मी त्याच्याकडे गेलो नाही, कारण काय तोंडाने जाणार? पुढे पुढे मीच रुसलो, की हा येत का नाही. माणूस आपल्याच अपराधाबद्दल दुसऱ्यावर कसा रुसतो, ते मला विचार. तुझ्या लग्नाची पत्रिका आली होती. नवा सदरा शिवून घेतला होता. घरातून निघून बस स्टँडपर्यंत आलो होतो.

दोन सुतांची क्षमा मागत नाही. त्या बोटाची मागतो.

तुझे,
थोरले काका

---

२० मे

थोरले काका,

नमस्कार.

क्षमा सध्या माझ्याजवळ नाही. असती तर खोटं कशाला बोलू, दिली असती. पत्र वाचून मी इतकी रडले की टायरवाल्याने त्या दिवशी आपलं दुकानही बंद ठेवलं. बस स्टँडपर्यंत आलात, हे वाचून तर जास्तच राग आला. न आलेला माणूस परवडला हो, अर्ध्या वाटेतून परत गेलेल्याचं काय करायचं?

दोन सूत बाबांचे, ते मी पदरात घेतले. बोट मात्र सगळंच्या सगळं तुमचं. आणि ते मला कागदावर कबूल करून भागायचं नाही. मी माझ्या बापाला ओळखलंय, थोडं उशिरा इतकंच. ज्यांच्यासमोर बोट दाखवलंत त्यांना सांगा. डॉक्टर गेले, पण बाई आहेत. दोन गल्ल्यांपलीकडे आहेत. तेवढ्या दोन गल्ल्या चाला.

ते केलंत की मी येईन.

ठकू

---

३ जून

ताई,

काल बाबा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. जसं घडलं तसं लिहितो, एक शब्द पदरचा घालत नाही.

तुझं पत्र त्यांनी चार दिवस खिशात बाळगलं. मग म्हणाले, गाडीनेच जायचं, आणि दार आहे तसंच ठेवायचं, ज्या दाराने बाई पडल्या ते दाखवायचं. मी दोरीने दार बांधलं. तरी बाबांनी पूर्ण रस्ताभर ते आतून धरून ठेवलं होतं. मी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गाडी नेली. दोन गल्ल्यांना वीस मिनिटं लागली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून कंटाळला आणि उतरून आमच्याबरोबर चालायला लागला.

बाई फाटकातच होत्या. ऐंशीच्या पुढे आहेत, पण ताठ. गाडी बघून त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मोडलेल्याच. मला वाटलं, झालं, आता आत निघून जातात. पण त्या पुढे आल्या आणि मडगार्डावरून पंजा फिरवत राहिल्या.

बाबांनी उतरून, काठी बाजूला ठेवून, हात जोडले. म्हणाले, "दार मी तासलं होतं. पाव इंच. मला माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी माझ्या भावाचं नाव पुढे केलं. तुम्हाला हे बेचाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

बाई म्हणाल्या, "बसा आधी." व्हरांड्यात खुर्ची दिली, पाणी दिलं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुझ्यासाठी घरी येऊन लगेच लिहून ठेवलं. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ त्याच आठवड्यात आला होता माझ्याकडे. डॉक्टर दवाखान्यात असताना. मी व्हरांड्यातच पलंगावर, हात गळ्यात बांधलेला. इथे, या पायरीवर बसला. म्हणाला, खांब मी घासला, दोन सूत, तुमचा अपराधी मी आहे. मी म्हटलं, मग तसं डॉक्टरांना सांगा ना, दोघा भावांनी मिळून काय ते ठरवा. तर म्हणाला, नको. खांब मी घासला हे थोरल्याला कळलं तर तो विचारेल का घासलास, आणि मग मला सांगावं लागेल की तुझं लाकूड दरवेळी जास्त असतं म्हणून. वीस वर्षं मी हे त्याला कळू दिलेलं नाही. आता या वयात त्याचा हात बुजला तर तो कामच करू शकणार नाही. कुलपाचं नाव माझ्यावर आलंय ते राहू दे. त्याने माझ्याकडून वचन घेतलं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. मी पाळलं. चुकलं की काय माझं, मला आज समजत नाही."

ताई, म्हणजे काकांना बाबांच्या दोन सुतांचं शेवटपर्यंत माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं, थोरला खरोखर निर्दोष आहे, आणि त्याचा हात बुजू नये. आणि त्या बोटाबद्दल त्यांनी बाईंकडे चकार शब्द काढला नव्हता.

बाबा रडले. माझी आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलेलं नाही. बाई उठून आत गेल्या, त्यांना एकटं सोडलं. मी गाडीपाशी जाऊन उगाच बॉनेट पुसत राहिलो. मलाही काही दिसत नव्हतं, खरं सांगायचं तर.

निघताना बाबा त्यांना म्हणाले, "मी त्याची वाट बघत होतो. वाटायचं, एक दिवस येईल आणि गचांडी धरून भांडेल माझ्याशी. तो भांडला असता तर मी सगळं ओकलो असतो. माझ्याशी कधी कुणी भांडलंच नाही."

घरी आल्यापासून बोलतायत. तुझ्याबद्दल, काकांबद्दल, तुमच्या इथल्या जुन्या घराच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या याबद्दल. आज सकाळी न सांगता दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि खुर्ची शेडपासून उचलून फाटकाशी नेऊन टाकली. शेजारणीने विचारलं, आजोबा, कुणाची वाट बघताय?

म्हणाले, "माझी पुतणी यायचीय. भांडायला."

लवकर ये, ताई.

फूटपट्टी